पितळ गुलाबी करू नकोस

सांगलीच्या घरातलं ते सागवानी कपाट तू घासायला काढणार म्हणतेस, तर आधी माझं ऐक. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, त्यात ते बुडालेलं. लाकूड टिकलं. पण बिजागऱ्यांचे स्क्रू आतून धरलेत.

डिसमिस लगेच लावू नकोस. खाचेत रंग आणि पुराचा गाळ बसलाय, तो दाभणाने तळापर्यंत कोरून काढ. डिसमिस खाचेत गच्च बसणारा घे. बारीक घेतलास तर खाच फाटते, आणि मग तो स्क्रू कुणाच्या बापाला ऐकत नाही. रॉकेलचे चार थेंब सोडून रात्रभर ठेव. सकाळी आधी किंचित आवळ, मग उलटा फिरव. सोडवायला आवळायचं, ही साताऱ्याच्या आमच्या मिस्त्रींची शिकवण.

निघालेला प्रत्येक स्क्रू पुठ्ठ्यावर बिजागरीचं चित्र काढून त्याच जागी खोच. जुने स्क्रू एकासारखा एक नसतात.

आता मुठी. आधी चुंबक लाव. चिकटला तर लोखंडावर पितळेचा नुसता मुलामा आहे, तिथे चिंच लावायचीच नाही. रंग काढायला लोखंडी पातेल्यात धुण्याचा सोडा घालून पाणी गरम कर (ॲल्युमिनियम नको, सोडा ते खातो) आणि मुठी अर्धा तास त्यात मंद आचेवर ठेव. उकडलेल्या बटाट्याची साल सुटावी तसा रंग सुटतो. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून तो जाळायचा नाही, कोरडा घासायचाही नाही. आणि ते पातेलं परत स्वयंपाकघरात नको.

एकदा मी उतावीळपणे मुठी रात्रभर ॲसिडमध्ये टाकल्या. सकाळी पाहतो तर गुलाबी! पितळेतलं जस्त वरून निघून गेलं, उरलं तांबं. किती घासलं तरी मूळ रंग येईना. म्हणून चिंच-मीठ दोन मिनिटं, लगेच पाणी, मग ऊन. नक्षीच्या खोबणीतला काळेपणा राहू दे. तो गेला की मूठ कालच बाजारातून आणल्यासारखी दिसते, आणि मला तरी ते पटत नाही.

भोक सैल झालं असेल तर बांबूची कामटी फेविकॉल लावून ठोक. स्क्रू साबणावर घासून मगच बसव. पितळी बिजागरीला लोखंडी स्क्रू लावू नकोस. दमट हवेत पितळ त्याला खातं, आणि भोवती सागवानावर काळा डाग पसरतो.

कुलपात तेल घालू नकोस, धूळ चिकटते. पेन्सिलीचं ग्रॅफाइट किसून फुंकरीने आत सोड. चावी शोधत बसू नकोस, ती माझ्याकडेच राहिलीय. पुढच्या रविवारी येताना आणतो.