घरगुती लेथ आणि विजेचे दोष

शेतकऱ्याच्या घरीं पंप, मळणीयंत्र आणि पॉवर टिलर आले, तेव्हां त्यांच्यामागोमाग दुरुस्तीची गरजही आली. पूर्वीं एक बुश कांतून घेण्याकरितां शहर गांठावें लागे व दिवस मोडे. आतां खेड्यांतही कोठें कोठें पडवींत छोटा लेथ दिसूं लागला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसवून तेथें लोखंडी नांगर तयार केले, आणि त्याच घराण्यानें १९४१ सालीं हरिहर येथें लेथ बनविण्याचा कारखाना काढिला. शेतीचें अवजार व तें घडविणारें यंत्र यांचा संबंध असा जुना आहे. परंतु लेथ विकत घेणें सोपें, त्याची वीज राखणें कठीण. त्याविषयीं आम्हांस जें शिकावें लागलें, तें येथें क्रमानें देत आहों.

शेणवा येथें आमच्या पुतण्याच्या पडवींत एक अश्वशक्तीच्या सिंगल फेज मोटरीवर चालणारा लेथ आहे. एका आषाढांत, भातलावणीच्या ऐन दिवसांत, शेजारचे एक शेतकरी टिलरचा झिजलेला बुश घेऊन आले. लेथ सुरू केला तों मोटर नुसती घुमूं लागली, चक हालेना. पुतण्यानें पांच-सात वेळां बटण दाबलें आणि अखेर जळका वास सुटला. मोटर पुन्हां गुंडाळून आणली. पैसे गेले, चार दिवस गेले, आणि परत आल्यावरही ती तशीच घुमली. “भाऊसाहेब, राबांतलीं रोपें जून होत चाललीं,” असें ते गृहस्थ म्हणाले, तेव्हां आम्हांस उत्तर सुचेना. जून रोपांस फुटवे कमी येतात, हें वाचकांस सांगणें नको.

आमची हयात महसुलाच्या दप्तरांत गेली. फेरफाराविषयीं वाद निघाला म्हणजे शेवटची नोंद खोडण्यापूर्वीं मूळ नोंदीपासून तपासत यावें, हा तेथील रिवाज. तोच येथें लावावयाचें ठरविलें. परवानाधारक वायरमनकडून प्रथम मीटरपाशीं व मग लेथपाशीं दाब मोजविला. लेथ बंद असतां दोन्ही ठिकाणीं २२२ व्होल्ट. पण बटण दाबतांच लेथपाशीं दाब १६५ वर उतरला. मोटर निर्दोष होती; दोष वाटेंत होता. घरापासून पडवीपर्यंत ३५ मीटर लांब, अवघ्या १ चौरस मिलिमीटर जाडीची तार होती, आणि कौलांखालीं तिचा एक पिळलेला सांधा ओलीनें काळा पडला होता.

याचा हिशेब असा. अशा तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरास सुमारें ०.०१८ ओहम. जाऊन-येऊन ७० मीटर, म्हणजे सुमारें १.२६ ओहम. एक अश्वशक्तीची मोटर चालतांना सुमारें ७ अँपिअर घेते, पण सुरू होतांना त्याच्या पांचपट, म्हणजे ३५. तेव्हां एकट्या तारेंतच ४४ व्होल्ट खर्चीं पडतात. उरलेली तूट सांध्याची व बाहेरील वाहिनीची. मोटरीचा जोर दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत घटतो. म्हणून २३० च्या जागीं १६५ व्होल्ट मिळाले कीं जोर निम्म्यावर येतो. सांधा काढून ४ चौरस मिलिमीटरची अखंड तार टाकली, आणि त्याच संध्याकाळीं बुश कांतून झाला.

आतां दोष शोधण्याचा क्रम सांगतों. उघड्या तारांचें व चालू विजेवरील मोजमापाचें काम वायरमननेंच करावें.

१. मोटर अगदीं मुकी असल्यास फ्यूज, स्विच व सांधे पहावे. लोखंडाचा कीस आणि उंदीर हे लेथच्या स्विचपेटीचे दोन शत्रू होत. पेटी चकापासून दूर व बंद असावी.

२. मोटर घुमते पण फिरत नाहीं, अशा वेळीं ती तात्काळ बंद करावी. अडलेली मोटर थोड्याच वेळांत जळते. मेन स्विच काढून पट्टा उतरवावा व दांडा हातानें फिरवून पहावा. जड लागल्यास बेअरिंग दोषी. हलका असून, पट्ट्याविना मोटर सुरू होते पण पट्ट्यासह होत नाहीं, तर दाब मोजावा. दाब पुरेसा असूनही पट्ट्याविना सुरू होत नसेल, तर कपॅसिटर किंवा आंतील केंद्रोत्सारी स्विच पहावा. कपॅसिटरमध्यें वीज बंद केल्यावरही भार राहतो. तो बल्बमधून उतरविल्याशिवाय हात लावूं नये. नवा कपॅसिटर तितक्याच मायक्रोफॅरडचा व कमी व्होल्टचा नसलेला घ्यावा. वीज चालू ठेवून चक हातानें फिरवून मोटर सुरू करण्याची युक्ति कांहींजण सांगतात. तिनें बोटें जातात.

३. लेथच्या अंगास झिणझिण्या येत असल्यास त्या क्षुल्लक मानूं नयेत. आमच्याकडील पावसाळ्यांत मोटरीचें वेष्टन ओल धरतें. ५०० व्होल्टच्या मेगरनें वेष्टन व लोखंडी अंग यांमधील रोध तपासून घ्यावा. तो १ मेगओहमपेक्षां कमी भरल्यास मोटर वाळविल्याशिवाय चालवूं नये. अर्थिंगची तार लेथच्या लोखंडास पक्की जोडलेली असावी. वैशाखांत मुरूम सुकतो, तेव्हां अर्थिंगच्या खड्ड्यांत पाणी घालावें. याखेरीज ३० मिलिअँपिअरवर तुटणारा आर.सी.सी.बी. अवश्य बसवावा.

४. वीज गेली असतां लेथ बंद करण्याचें विसरल्यास ती परत येतांच चक आपोआप फिरूं लागतो. वीज जातांच सुटणारा व पुन्हां हातानें दाबल्याशिवाय न लागणारा स्टार्टर बसवावा. धोतराचा सोगा किंवा सैल बाही असेल तेथें तर हा खर्च टाळूंच नये.

सरतेशेवटीं एक सूचना. लेथशेजारीं एक वही टांगावी व दर महिन्यास तारीख, बंद असतांचा दाब व सुरू होतांनाचा दाब लिहून ठेवावा. दाब उतरूं लागल्याचें वहींत दिसलें, तर दुरुस्ती वैशाखांतच होते. नोंद नसली तर दोष आषाढांत, गिऱ्हाईक दारांत उभें असतां, कळतो. आमच्या पुतण्यानें ही वही आतां सुरू केली आहे. मोटर गुंडाळण्यास गेलेला पैसा परत आला नाहीं. निदान वाचकांचा तरी वांचावा, एवढ्याकरितांच हा लेखनप्रपंच.