जोडणीपूर्वीची पारख

भारताचा पहिला कृत्रिम उपग्रह ‘आर्यभट’ बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत तयार झाला. १९ एप्रिल १९७५ रोजी सोव्हिएत अग्निबाणाने तो अवकाशात नेला. पाचव्या दिवशी शास्त्रीय प्रयोगांच्या वीजपुरवठ्यात बिघाड झाला आणि प्रयोग थांबले. तेथे जाऊन सुटा भाग बदलणे शक्य नव्हते. वीजपुरवठ्याचा परिपथ जोडण्यापूर्वीच का पारखावा, हे यावरून कळते.

मोबाइलच्या चार्जरमध्ये ‘स्विच-मोड’ पद्धतीचा वीजपुरवठा असतो. त्यातील ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो. त्यामुळे उष्णतेच्या रूपाने वीज फारशी वाया जात नाही. मात्र धोकाही त्यातच आहे. घरातील २३० व्होल्टच्या विजेचे एकदिश विजेत रूपांतर होताना दाब सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत चढतो. त्यातच तारेच्या वेटोळ्यातील विद्युतधारा एकाएकी थांबू शकत नाही. तिला दुसरी वाट मिळाली नाही, तर दाब उसळतो आणि ट्रान्झिस्टर क्षणात जळतो.

अमेरिकेतील बर्कली येथे १९७३ च्या सुमारास ‘स्पाइस’ ही संगणक-प्रणाली तयार झाली. परिपथातील भाग व त्यांची जोडणी सांगितली, की ती ठिकठिकाणचा दाब आणि धारा गणिताने काढते. मुंबईच्या आय.आय.टी.तील मोफत ‘ईसिम’ प्रणाली हेच काम करते. पडद्यावर धूर मात्र निघत नाही! दाबाचा आलेख ट्रान्झिस्टरच्या मर्यादेबाहेर गेला, हे माणसानेच ओळखायचे असते. लांब तारेचा परिणाम आराखड्यात मांडला नसेल, तर तो उत्तरातही येत नाही. म्हणून प्रत्यक्ष जोडणीची पहिली चाचणी कमी दाबावरच घेतात.