भांडगावचे पाणी

पुणे-सोलापूर रस्त्याने यवत ओलांडले की भांडगाव येते. आपण चहापुरते थांबतो, एवढीच ओळख!

दौंड तालुका पर्जन्यछायेत आहे. पाऊस सह्याद्रीच अडवून ठेवतो. जवळच्या भुलेश्वर डोंगरावर 1630च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने, पुणे उजाड करून, दौलतमंगळ किल्ला बांधला. पण आमच्या मते या गावांचे नशीब किल्ल्याने नव्हे, पाण्याने घडवले. इंग्रजांनी 1870च्या दशकात खडकवासल्याला धरण बांधले, ते दोघांसाठी : दुष्काळी शेती आणि पुणे-खडकीच्या छावण्या. उजवा कालवा पाटसच्या दिशेने आला, पुढे ऊस आला. म्हणजे वाटेकरी पहिल्यापासून दोन. आता छावणीच्या जागी लाखोंचे शहर आहे. आपला नळ रोज सुटतो. भांडगावच्या बाजूचा शेतकरी उन्हाळी आवर्तनाची तारीख विचारत फिरतो.