बावीसचं किट घेण्याआधी

किट पहिल्या सिझनला सहसा दगा देत नाही. म्हणून तर ते विकलं जातं, आणि म्हणूनच पुण्यात बालेवाडीच्या रेंजवर शेजारच्या लेनवाल्याचं किट छान चालताना पाहून आपलाही हात खिशाकडे जातो. मी पंचवीस मीटरचं पिस्तूल बरीच वर्षं चालवते आहे, हल्ली ज्युनियर मुलामुलींना शिकवतेही. "ताई, बत्तीसवर बावीसचं किट बसवू का?" (.३२ च्या पिस्तुलावर .२२ चं) हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला जातो, की एकदा सविस्तर लिहून टाकलेलं बरं.

किट म्हणजे पिस्तुलाची मूळ चौकट, ग्रिप आणि बहुतेक वेळा ट्रिगर तसाच ठेवून वरचा भाग बदलायचा: नळी, बोल्ट किंवा स्लाइड, स्प्रिंग आणि मॅगझिन. परदेशात हा प्रकार मुख्यतः ९ मिमी किंवा .४५ च्या पिस्तुलांसाठी चालतो, कारण .२२ ची गोळी स्वस्त पडते. कोल्ट कंपनीने १९३८ मध्येच .४५ साठी असं युनिट बाजारात आणलं होतं. .२२ च्या अशक्त धक्क्याने जड स्लाइड मागे जावी म्हणून त्यात डेव्हिड मार्शल विल्यम्स यांच्या कल्पनेतलं तरंगतं चेंबर बसवलेलं होतं. युक्ती नामी होती, पण शिसं आणि काजळी साचली की चेंबर जागच्या जागी अडकायचं आणि सारखं साफ करावं लागायचं. आजच्या किटांत बहुधा तरंगतं चेंबर नसतं, स्लाइडच हलक्या ॲल्युमिनियमची करतात. काजळी मात्र तीच आहे.

आपल्याकडे ९ मिमी हा निषिद्ध बोअर, त्यामुळे सामान्य परवानाधारकाला त्या किटांचा उपयोग नाही. इथं प्रश्न येतो तो स्पर्धेच्या पिस्तुलांचा. वॉल्थर जीएसपीसारख्या पिस्तुलांत एकाच चौकटीवर .२२ आणि .३२ अशा दोन्ही प्रणाली बसतात. एक पंचवीस मीटर स्पोर्ट पिस्तुलासाठी, दुसरी सेंटरफायर प्रकारासाठी. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत जसपाल राणा यांनी ५९० गुण करून विश्वविक्रमाशी बरोबरी केली ती सेंटरफायरमध्येच. राही सरनोबत यांनी २०१८ मध्ये आशियाई सुवर्ण जिंकलं ते .२२ च्या पंचवीस मीटर पिस्तुलात. दोन्ही प्रकार खेळणाऱ्याला एकच ग्रिप, तोच हात, तोच ट्रिगर मिळणं ही मोठी गोष्ट आहे, हे मी नाकारत नाही. ग्रिप हाताला बसवायला किती पुट्टी आणि किती पॉलिश पेपर लागतो, ते केलेल्यालाच ठाऊक.

माझं .२२ चं युनिट सेकंडहँड होतं, एका सीनियरकडून घेतलेलं. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दोष कंपनीपेक्षा वापराचा जास्त होता. वर्षभर ते उत्तम चाललं. मग रॅपिडमध्ये, म्हणजे झटपट गोळ्यांच्या टप्प्यात, रिकामी काडतुसं चेंबरमध्ये अडकू लागली. सगळ्यांनी एकमुखाने गोळ्यांना नावं ठेवली. लॉट बदलला, ब्रँड बदलला, थोडे दिवस सुधारल्यासारखं वाटलं आणि पुन्हा तेच.

कारण चेंबरच्या तोंडाशी होतं. रिमफायर काडतुसात पेटवणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो, म्हणून फायरिंग पिन मध्यावर नाही तर कडेवर मारते. चेंबर रिकामं असताना ट्रिगर दाबला आणि पिनला तिथं थांबवणारी व्यवस्था नसली, तर ती थेट पोलादाच्या कडेवर आपटते. रोज घरी भिंतीसमोर ड्राय फायर करणाऱ्या माणसाच्या हातून हे किती वेळा होत असेल, विचार करा. माझ्या युनिटच्या आधीच्या मालकाच्या हातून झालं होतं. कडेवर बर, म्हणजे धातूचा बारीक उंचवटा, उठला होता, बोटाच्या नखाला जाणवेल इतकाच. पातळ पितळी काडतूस त्याला घासून जायचं, आणि चेंबर तापलं, त्यात मेण आणि काजळी मिसळली, की तिथंच बसायचं. .२२ ची गोळी शिशाची असते आणि तिच्यावर वंगणाचा थर बाहेरूनच असतो, त्यामुळे ही चिकट घाण सेंटरफायरपेक्षा लवकर साचते. रिकामं काडतूस ओढून काढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखाली ती दडते आणि वरवरच्या पुसण्याने निघत नाही.

पुढे राज्यस्तरीय स्पर्धेत रॅपिडच्या टप्प्यात तेच नख तुटलं. नियम माहीत नसलेल्यांसाठी सांगते: स्टॉपेज झालं, म्हणजे पिस्तूल अडलं, की ते लक्ष्याच्या दिशेने तसंच धरायचं, मोकळा हात वर करायचा, पिस्तुलाला हात लावायचा नाही. स्लाइड ओढलीत की ते ग्राह्य धरत नाहीत. आणि तीस गोळ्यांच्या एका टप्प्यात ग्राह्य बिघाड एकदाच मिळतो. माझा पहिला बिघाड आधीच्या सिरीजमध्ये वापरून झाला होता. न सुटलेल्या गोळ्या शून्य. तुम्ही कितीही चांगलं मारत असा, दर गोळीला मिळणारी तीन सेकंदांची खिडकी नखासाठी थांबत नाही. मोठ्या पातळीवरही हे चुकत नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरचं एअर पिस्तूल पात्रता फेरीत बिघडलं आणि ती ५७५ गुणांवर बारावी राहिली. ते किट नव्हतं, तरीही.

तुटलेलं नख हा त्यातला स्वस्त भाग होता. खरा फटका चौकटीला बसला. बोल्ट मागे येऊन थांबतो तिथं एक छोटा बफर असतो, रबराचा किंवा प्लास्टिकचा. तो चेपला, कडक झाला, की बोल्ट धातूवर धातू आदळतो. आधीच्या मालकाने गोळ्यांच्या टंचाईत हाय व्हेलॉसिटी ॲम्युनिशन चालवून युनिटचा बफर आधीच चेपवला होता, हे मला नंतर कळलं. स्पर्धेची पिस्तुलं स्टँडर्ड व्हेलॉसिटीच्या हिशोबाने बनवलेली असतात, साधारण सेकंदाला ३२० ते ३३० मीटर. गोळी आणखी वेगाने सुटली की ती जास्तीची आदळआपट बफर आणि त्यामागची चौकट सोसते.

माझ्या ओळखीचे एक काका चाकणच्या कारखान्यात क्वालिटी विभागात होते. ते घरी डाय पेनिट्रंटच्या बाटल्या घेऊन आले. लाल द्रव लावला, पुसला, वर पांढरा डेव्हलपर फवारला. बफरच्या मागच्या कोपऱ्यातून एक बारीक लाल रेघ वर आली. त्या दिवसापासून माझं .३२ ही बंद, कारण चौकट दोन्हींची एकच. किटच्या जाहिरातीत हे कुणी सांगत नाही. स्वस्त गोळ्यांच्या सरावाने महागडी चौकट झिजते. नळी बदलता येते, स्प्रिंग बदलता येते, पण परवान्यावर नंबर आहे तो माझ्या पिस्तुलात चौकटीवर कोरलेला. ती बदलणं म्हणजे नवं पिस्तूल घेण्याइतकीच कागदपत्रं.

कुणी म्हणेल, .२२ इतकी हलकी, ती काय चौकट फोडणार? स्पर्धेतल्या .३२ गोळीची (वॅडकटर) ऊर्जा .२२ पेक्षा फार मोठी नसते, पण मागे येणारा संवेग जवळपास दुप्पट असतो, म्हणून दोन्ही प्रणालींच्या बोल्टचं वजन आणि स्प्रिंग वेगळे असतात. .२२ चा बोल्ट हलका, त्यामुळे तो झटक्यात मागे येतो. बफर ठीक असेल तर काहीच होत नाही. नसेल तर हजारो गोळ्यांत होतं, आणि .२२ स्वस्त असल्याने हजारो गोळ्या लवकर होतात.

तेव्हा घेणार असाल तर युनिट हातात घेऊन आधी चेंबरची कड बघा, भिंगाखाली. पिनच्या खुणेएवढा खळगा दिसला की किंमत निम्मी करूनही घेऊ नका. बफर काढून बघा, चेपला असेल तर त्यामागची जागा बघा. मॅगझिनच्या ओठांवर पॉलिश झालेली जागा असेल तर ती वाकवून सरळ केलेली असण्याची शक्यता आहे. .२२ च्या काडतुसाला बुडाची कड असते, वरच्याची कड खालच्याच्या मागे अडकली की मॅगझिनच गोळी सोडत नाही, आणि त्याचा दोष मग स्प्रिंगवर जातो. विकणारा माणूस गोळ्यांची नोंदवही दाखवू शकत नसेल, तर युनिट वीस हजार गोळ्या चाललेलं आहे असं समजूनच बोली लावा. एक्स्ट्रॅक्टर, फायरिंग पिन, रिकॉइल स्प्रिंग आणि दोन बफर हे घेतानाच जोडीला मागून घ्या. नंतर आयात, परवानगी आणि कस्टम्स यांत सिझन निघून जातो.

कायद्याचं वेगळं लिहायला हवं, कारण पुण्यात एक खास मोह आहे. भोसरीत किंवा हडपसरला आपल्या ओळखीचा टर्नर असतोच, मायक्रॉनमध्ये काम करणारा. "दे इकडे, बर काढून देतो, नवं नख करून देतो" असं तो प्रेमाने म्हणतो. देऊ नका. १९५९ च्या शस्त्र कायद्यात सुटे भागही शस्त्राच्या व्याख्येत येतात, आणि दुरुस्ती करणाऱ्याकडे त्याचा परवाना असावा लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ६ प्रमाणे एका वर्गातल्या बंदुकीचं परवान्याशिवाय दुसऱ्या वर्गात रूपांतर करणंही गुन्ह्यात मोडतं. किट घेण्याआधी पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत लेखी विचारा, युनिटचा कॅलिबर आणि नंबर परवान्यावर नोंदवून घ्या, आणि मगच पैसे द्या. "अहो, आमच्या वेळी कुणी विचारलं नव्हतं" हे सीनियरचं वाक्य चौकशीत कामाला येत नाही.

किट घरी आल्यावर एका ब्रँडच्या एकाच लॉटच्या गोळ्या चालवून बघा, कारण अशी युनिटं कमालीची नखरेल असतात. एका लॉटवर दोनशे गोळ्या अडथळ्याविना गेल्या की त्याच लॉटच्या स्पर्धेपुरत्या बाजूला ठेवा. ड्राय फायर करताना रिमफायरचा स्नॅप कॅप (नकली काडतूस) किंवा पिस्तुलातली ड्राय फायर सोय वापराच. गोळी न सुटता नुसता टक् आवाज आला तर नळी लक्ष्याकडेच ठेवून थांबा. आवाज दबका, फुस्स असा आला तर पुढची गोळी मारूच नका. शिसं नळीत अडकलेलं असू शकतं. मॅगझिन काढा, चेंबर रिकामं करा आणि कोचला बोलवा.

पावसाळ्यात बालेवाडीहून ओल्या बॅगेत आलेलं पिस्तूल रात्रभर तसंच ठेवू नका. चेंबर आणि बोल्टचा चेहरा कोरडा पुसा, तेल थेंबभरच लावा, कारण जास्तीचं तेल काजळीला लगदा करून नखाखाली नेतं. नख दर सरावानंतर दातकोरणीने साफ करायचं. नोंदवहीत तारीख, गोळ्या, लॉट आणि अडथळा असे चार रकाने पुरतात. अडथळा एकाच लॉटवर येत असेल तर लॉट बदला. प्रत्येक लॉटवर येत असेल तर युनिट उघडा आणि कडेपासून सुरुवात करा.