डब्यातली वाफ

मळवलीला लोकलमधून उतरून लोहगडाकडे निघालेल्या मुलांच्या डब्यात बहुधा पोळी आणि बटाट्याची भाजी असते. शाकाहारी अन्न बाधत नाही, ही समजूत मात्र चुकीची! पहाटे गरम पोळ्या डब्यात कोंबल्या, की वाफ झाकणाला लागून निवते आणि तिचे थेंब खाली गळतात. काही जंतूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान ओल मिळाली, की जंतू वाढू लागतात. म्हणून पोळ्या ताटात पसरून निववा, मगच डबा भरा. भाजी भाजे गावातच संपवा, गडावर नेऊ नका.

लोणावळ्याची चिक्की कित्येक दिवस का टिकते? तिच्यात पाणी फार थोडे, आणि तेही गुळाने धरून ठेवलेले. जंतूंच्या वाट्याला ते येतच नाही.

एक पोळी गरम, दुसरी निववून, अशा दोन डब्यांत ठेवा. तासाभराने झाकणे उलटी करून पाहा.