नंबर प्लेट चोरी: टाळायला खर्च किती, गेल्यावर किती?

हातकणंगले रेल्वे स्टेशनबाहेर दिवसभर उभी राहणारी दुचाकी, शिरोली एमआयडीसीत पाळीच्या वेळेला लागणाऱ्या गाड्यांच्या रांगा, वडगावच्या बाजारात कडेला लावलेली चारचाकी. अशा ठिकाणी गाडीला हात न लावता नुसती नंबर प्लेट काढून नेणं सोपं असतं. पूर्वी कुणाही पेंटरकडून हवा तो नंबर रंगवून मिळायचा, त्यामुळे चोराला प्लेट चोरायची गरज नव्हती. एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबर प्लेट, गाडीच्या नोंदीशिवाय अधिकृतपणे बनत नाही. म्हणूनच दुसऱ्याच्या गाडीवरची अस्सल प्लेट आता चोराच्या कामाची झाली आहे.

प्लेटचे पैसे फार नाहीत. खरा भुर्दंड बसतो तो तक्रार द्यायला केलेल्या उशिराचा.

सरकारी दर

१ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांसाठी महाराष्ट्रात ठरलेले दर असे आहेत. कंसातला आकडा १८ टक्के जीएसटी धरून.

- दुचाकी आणि ट्रॅक्टर: ४५० रुपये (५३१)
- तीनचाकी: ५०० रुपये (५९०)
- चारचाकी आणि जड वाहनं: ७४५ रुपये (८७९ रुपये १० पैसे)

केंद्रावर जाऊन बसवून घेतली तर बसवण्याचे वेगळे पैसे द्यायचे नसतात. घरी बोलावल्यास जादा आकार पडतो. त्या तारखेनंतरच्या गाड्यांना प्लेट कंपनीकडूनच येते, त्यामुळे बदलीसाठी आधी आपल्या डीलरकडे विचारा. तिथला दर कंपनीप्रमाणे वेगळा असतो. एकच प्लेट गेली असेल तर पुढची किंवा मागची वेगळी मिळेल का, हे पैसे भरण्याआधीच विचारा.

नोंदणी परिवहन विभागाच्या संकेतस्थळावरून आत जाऊनच करा. या प्लेटच्या नावानं बनावट संकेतस्थळं निघाली होती. व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवर पैसे भरू नका.

बिनपैशाची खबरदारी

१. स्नॅप लॉक पाहा. एचएसआरपी ज्या लॉकनं बसते ते एकदाच वापरायचं असतं, मोडल्याशिवाय निघत नाही. बंपर किंवा मडगार्डचं काम झालं की गॅरेजवाला बरेचदा तिथं साधा स्क्रू मारतो, आणि मग पान्यानं प्लेट मिनिटभरात सुटते. गाडी गॅरेजमधून घेताना मागं वाकून हे तपासा. साधा स्क्रू दिसला तर प्लेट बसवणाऱ्या केंद्रावरून लॉक बसवून घ्या.

२. लेझर नंबर टिपून ठेवा. निळ्या अशोकचक्राच्या होलोग्रामजवळ, आयएनडी अक्षरांखाली बारीक कोरलेला क्रमांक असतो. पुढच्या आणि मागच्या प्लेटचा क्रमांक वेगळा असतो. दोन्हींचे फोटो आरसीच्या फोटोसोबत मोबाईलमध्ये ठेवा. चोरी झाल्यावर नेमकी कुठली प्लेट आपली, हे त्यावरून सिद्ध होतं.

३. मागची बाजू भिंतीला टेकवून गाडी लावा. रात्री उजेडात, कॅमेऱ्यासमोर लावता आली तर उत्तम.

४. जुनी प्लेट भंगारात तशीच टाकू नका. कापून, वाकवून निकामी करा.

प्लेटभोवती फ्रेम लावायचीच असेल तर दुकानात साधारण शंभर ते तीनशे रुपयांत मिळते. नंबर, चक्र आणि आयएनडी झाकणारी फ्रेम घेऊ नका. जादा स्क्रूसाठी प्लेटला नवं भोकही पाडू नका.

गेलीच तर

त्याच दिवशी पोलीस ठाण्यात जा. पाच हजारांखालच्या चोरीसाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये सौम्य तरतूद आहे. त्यामुळे एफआयआरऐवजी अदखलपात्र नोंद, म्हणजे एनसी, होण्याची शक्यता असते. नोंद कुठलीही होवो, तिच्यात गाडीचा नंबर, कुठली प्लेट गेली, लेझर क्रमांक, ठिकाण, शेवटची पाहिल्याची वेळ आणि ‘नंबरचा गैरवापर होऊ शकतो’ हे वाक्य असू द्या. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. पोलिसांची ऑनलाइन ‘हरवले’ नोंद पडलेल्या वस्तूंसाठी असते, चोरीसाठी ती वापरू नका.

नवी प्लेट मागवताना आरसीसोबत पोलीस तक्रारीची प्रत लागते. तोवर गाडी शक्यतो घरी ठेवा. बाहेर काढावीच लागली तर प्रत जवळ असू द्या.

विम्याचा हिशेब

फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर चोरीचे पैसे मिळत नाहीत. सर्वसमावेशक विमा असला तरी १५०० सीसीपर्यंतच्या कारला पहिले १००० रुपये मालकानंच सोसायचे असतात, म्हणजे ८७९ रुपयांच्या प्लेटसाठी हाती काहीच येत नाही. दुचाकीला ही रक्कम १०० रुपये आहे, पण दावा केला की नो क्लेम बोनस जातो. प्लेटचे पैसे खिशातून भरणंच परवडतं.

पुढचे काही महिने

महाट्रॅफिक ॲपवर आपल्या नंबरची ई-चलनं अधूनमधून बघत जा. अनोळखी चलन दिसलं तर आधी त्यातला फोटो उघडा. गाडीचं मॉडेल, रंग, आरसा, स्टिकर यांतला फरक टिपा आणि तक्रारीच्या प्रतीसह ॲपवरच हरकत नोंदवा. ते चलन भरू नका, नाहीतर दंड आपलाच मानल्यासारखं होतं. किणी टोलनाक्यावरून आपली गाडी गेलेली नसताना फास्टॅगमधून पैसे कापले गेले, तर टॅग देणाऱ्या बँकेला कळवा किंवा १०३३ वर फोन करा.

आपल्या तक्रारीची तारीख चलनाच्या तारखेआधीची असेल तर बाजू भक्कम राहते. चलन आल्यावर तक्रार दिली, तर मधल्या काळात आपली गाडी कुठं होती हे दाखवत बसावं लागतं. त्यात पडणारे हेलपाटे आणि बुडालेली मजुरी ५३१ रुपयांपेक्षा महाग पडते.