दिवा, पाट आणि टपाल

साताऱ्याहून पूर्वेस निघाले की वाटेत जरंडेश्वराचा डोंगर लागतो आणि पुढे कोरेगाव येते. मुलांनो, या गावातील घरांच्या छपरांकडे नीट पाहा. कोठे पत्र्यावर, कोठे गच्चीवर परातीएवढ्या तबकड्या बसवलेल्या दिसतील. त्या सर्वांची तोंडे आग्नेयेच्या बाजूस वळलेली असतात. मुंबई तर कोरेगावच्या वायव्येस आहे! मग मुंबईचे कार्यक्रम दाखवणारी ही तबकडी मुंबईकडेच पाठ करून का बसली असेल?

हे कोडे उलगडण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

आपल्या देशात दूरचित्रवाणीचा प्रारंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्ली येथे झाला. मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. केंद्रातील कॅमेरा चित्राचे रूपांतर विजेच्या संदेशात करतो आणि प्रक्षेपक तो संदेश रेडिओ-लहरींवर आरूढ करून उंच मनोऱ्यावरून चोहीकडे सोडतो. या लहरी बहुतेक सरळ रेषेत जातात. गडावर दिवा लावला, तर तो समोरच्या गावाला दिसतो. डोंगराआडच्या गावाला दिसत नाही. या लहरींचेही तसेच आहे. शिवाय पृथ्वी गोल असल्यामुळे फार दूरचे गाव आपोआपच क्षितिजाखाली जाते. म्हणून सिंहगडासारख्या उंच जागी मनोरे उभारून तेच कार्यक्रम पुन्हा प्रक्षेपित करावे लागले. तरीही कित्येक खोरी वंचितच राहिली. ज्या सह्याद्रीने एके काळी आपल्या पूर्वजांना आसरा दिला, तोच येथे आडवा आला.

यावर उपाय कोणता? दिवाच आकाशात टांगावा! आर्थर क्लार्क या इंग्रज लेखकाने १९४५ साली हीच कल्पना मांडली. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर एखादा उपग्रह ठेवला, तर पृथ्वीला स्वतःभोवती फिरण्यास जेवढा वेळ लागतो, तेवढ्याच वेळात तो पृथ्वीभोवती एक प्रदक्षिणा पूर्ण करतो. त्यामुळे तो फिरत असूनही आपल्याला एकाच जागी स्थिर असल्यासारखा वाटतो. इतक्या उंचीवरच्या दिव्याला सह्याद्री कसा अडवणार?

१९७१ साली पुणे जिल्ह्यातील आर्वी येथे उपग्रहामार्फत परदेशांशी दळणवळण करणारे भूकेंद्र सुरू झाले. पुढे १९७५-७६ मध्ये एका अमेरिकन उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांना वर्षभर शेती, आरोग्य व शिक्षण यांविषयीचे कार्यक्रम दाखवण्यात आले. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या तबकड्या तेव्हा वापरल्या होत्या. या प्रयोगात महाराष्ट्र नव्हता. पण त्यातून मिळालेला अनुभव साऱ्या देशाच्या उपयोगी पडला. १९८३ साली ‘इन्सॅट-१ बी’ हा भारताचा उपग्रह आकाशात गेला आणि त्याच्या द्वारे राष्ट्रीय कार्यक्रम दूरदूरच्या प्रक्षेपकांपर्यंत पोहोचू लागले. २००४ साली दूरदर्शनने उपग्रहावरून थेट घरी कार्यक्रम देण्याची सेवा सुरू केली.

आता कोडे सुटले ना? मुंबईचा कार्यक्रम आधी उपग्रहाकडे जातो व तेथून खाली येतो. या वर-खाली प्रवासाला सुमारे पाव सेकंद लागतो. विषुववृत्त आपल्या दक्षिणेस आहे आणि आपल्याकडे या कामी येणारे उपग्रह कोरेगावच्या रेखांशापेक्षा पूर्वेस आहेत. म्हणून तबकडी आग्नेयेकडे पाहते. तिचा खोलगट आकार क्षीण लहरी एका बिंदूपाशी गोळा करतो आणि घरातील पेटी त्यांतून चित्र व आवाज वेगळे काढते. मुसळधार पावसात मात्र थेंब लहरी शोषून घेतात व विखुरतात, त्यामुळे चित्र अडखळते.

दुसरा मार्ग केबलचा. एक मोठी तबकडी संदेश गोळा करते आणि तारेतून घरोघरी पोहोचवते. धरणाचे पाणी पाटाने शेतोशेती जाते, तसाच हा प्रकार. आपल्याकडे १९९१ नंतर या तारांचे जाळे झपाट्याने पसरले. लांब जाता जाता संदेश क्षीण होतो, म्हणून वाटेत त्याला बळ देणारी यंत्रे बसवतात.

तिसरा मार्ग इंटरनेटचा. १५ ऑगस्ट १९९५ रोजी ते भारतात सर्वसामान्यांसाठी खुले झाले. येथे चित्राचे बारीक बारीक तुकडे करतात आणि प्रत्येकावर आपल्या यंत्राचा पत्ता घालतात. निरनिराळ्या वाटांनी आलेले तुकडे आपल्या घरी पुन्हा क्रमाने जोडले जातात. उपग्रहावरचा कार्यक्रम म्हणजे दवंडी. ती एकदा पिटली की सारे गाव ऐकते. इंटरनेट म्हणजे टपाल. ज्याने मागितले, त्याच्या नावाने ते येते.

येथेच एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दवंडी पिटणाऱ्याला ती कोणी ऐकली हे कळत नाही. टपाल पाठवणाऱ्याला मात्र कोणी काय मागवले हे कळते. आपण काय पाहिले, किती वेळ पाहिले, याची तो नोंद ठेवतो आणि तशाच आणखी गोष्टी आपल्यापुढे मांडत जातो. पूर्वी डोंगर आडवा होता, म्हणून पाहायला मिळत नव्हते. आता पुढ्यात इतके येते की काय पाहावे व केव्हा थांबावे, हे आपणच ठरवले पाहिजे. दिवा आकाशात टांगणे मोठ्या कष्टाचे काम होते; त्याच्या उजेडात काय वाचावे, हे ठरवण्याचे काम मात्र तुमचे आहे.

स्वाध्याय
१. कोरेगावातील तबकड्या आग्नेयेकडे का वळलेल्या असतात?
२. दिवा, पाट, दवंडी आणि टपाल या उपमा कोणकोणत्या गोष्टींना दिल्या आहेत? त्या कशा लागू पडतात?
३. तुमच्या गावातील तबकड्यांची दिशा होकायंत्राने पाहा व वहीत नोंदवा.